हिंगोली ते न्यू जर्सी, व्हाया लातूर

दहावीचा निकाल लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या हुशार मुलांची पांगापांग सुरू होते. वसमतची मुलं नांदेड गाठतात. सेनगाव-कळमनुरीची बरीचशी हिंगोलीत न थांबता थेट लातूरला जातात. ज्यांचा मामा पुण्यात स्थिरावलाय ती पुण्याला. लोखंडी पेटी, गादीची वळकटी, मेसचे आगाऊ पैसे आणि क्लासच्या फीचा पहिला हप्ता एवढी तयारी झाली की झालं. याला कुणी स्थलांतर म्हणत नाही, ‘पोरगं शिकायला टाकलंय’ असं म्हणतात. पुढे दहा-बारा वर्षांनी तोच मुलगा हिंजवडीतून डॅलसला जातो, तेव्हा मात्र चर्चेला तोंड फुटतं. शिकलेली माणसं देश का सोडतात, इथल्या पैशावर शिकून परक्याची चाकरी का करतात, पैशाला इतकी का हपापतात.

माझं म्हणणं असं की हिंगोलीपुरता तरी हा प्रश्न दहा वर्षं उशिरा विचारला जातो. परदेशी जायचा निर्णय पंचविसाव्या वर्षी होतच नाही. तो पंधराव्या वर्षी आईबापांनी घेतलेला असतो, आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात अमेरिका नसते, फक्त ‘इथं ठेवून काही होणार नाही’ एवढंच असतं. नांदेड, पुणे, न्यू जर्सी हे त्या एका वाक्याचे पुढचे टप्पे.

हे वाक्य कुठून आलं ते पाहायला जिल्ह्याचा इतिहास थोडा चाळावा लागतो. जिल्हा म्हणून हिंगोली अगदी तरुण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७७,३४५, आणि त्यातली दहातली आठहून जास्त माणसं खेड्यात राहणारी. पण गाव म्हणून हिंगोली जुनं. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आजही ‘हिंगोली डेक्कन’ लिहिलेलं आहे. त्या काळात शिकायचं तर तोंड हैदराबादकडे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमातून, आणि मराठी मुलांना तिथे पोचणंच अवघड होतं. तरी काही जण पोचले. विचारवंत नरहर कुरुंदकरांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर त्याच उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे कुरुंदकर स्वतः हैदराबादला शिकायला गेले आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘पुण्या-मुंबईला न जाता मराठवाड्यात राहिलेला विचारवंत’ असा त्यांचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण बारकाईने पाहिलं तर तेही राहिले ते नांदेडला. कुरुंदा सुटलंच होतं. मागे राहणाऱ्यालाही आधी थोडं बाहेर पडावं लागतं, इतकी या भागात शिकलेल्या माणसाला उभं राहायला जागा कमी.

१९४८ साली निजामशाही गेली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. हैदराबादकडे असलेलं तोंड मुंबई-पुण्याकडे वळलं एवढाच फरक. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला आलं, कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये परभणीला आलं. पदव्या मिळू लागल्या आणि पदवीधरांना नोकऱ्या कुठे, हा प्रश्न लगोलग उभा राहिला. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटलं, त्यात वसमतला विद्यार्थ्यांवर झालेला गोळीबार ही मोठी ठिणगी होती. नोकऱ्या, उद्योग, रुंद रूळ या तेव्हाच्या मागण्या. हिंगोलीवरून जाणाऱ्या पूर्णा-अकोला मार्गावरचा रूळ रुंद व्हायला २००८ उजाडलं. म्हणजे ज्यांनी रुळासाठी घोषणा दिल्या त्यांची मुलं तोवर पुण्याला लागून गेलेली होती. मराठवाड्याच्या विकासाच्या अनुशेषावर दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत भरपूर लिहिलं गेलं आहे, त्याची उजळणी इथे करत नाही. तो भरून काढण्यासाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

परदेशाचं दार या जिल्ह्याला उघडलं ते फार उशिरा. अमेरिकेने १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलला तेव्हा तिकडे गेलेली पहिली मराठी पिढी मुख्यतः मुंबई-पुण्याची, डॉक्टर-इंजिनिअरांची. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं तेव्हा त्यात वसमत-कळमनुरीचा माणूस शोधून सापडला असता की नाही याची शंकाच आहे. चित्र बदललं ते दोन गोष्टींनी. नांदेडला १९८१ मध्ये गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, आणि १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. गावातल्या पाटलाचा, मास्तराचा, ग्रामसेवकाचा मुलगा इंजिनिअर होऊ लागला. त्याच सुमाराला लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने प्राचार्य अनिरुद्ध जाधवांच्या काळात बारावीच्या तयारीची जी शिस्त बसवली तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीला आयटी पार्क आलं, वायटूकेच्या घाईत कंपन्यांना माणसं हवी होती, आणि साखळी पुरी झाली: लातूरला बारावी, नांदेड-पुण्याला बी.ई., हिंजवडीला नोकरी, मग ‘ऑनसाइट’. या साखळीत हिंगोलीचं काम फक्त कच्चा माल पुरवण्याचं.

आता पैशाचं बोलू, कारण लोक सगळ्यात आधी तेच बोलतात. पॅकेजचा मोह खोटा नाही. पण ज्या घरातून मुलगा निघतो त्या घराची परिस्थिती पाहिली तर मोह हा शब्द हलका वाटतो. २०१९ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या ताकतोड्याच्या गावकऱ्यांनी कर्जाला आणि नापिकीला कंटाळून ‘गाव विकणे आहे’ असं जाहीर केलं होतं. सोयाबीन, कापूस, तूर यांच्या भावावर घर चालवणारा बाप मुलाला शेतीत ये म्हणत नाही, त्याला ते पाप वाटतं. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हेही त्याला दिसत असतं. याच जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्याही निघतात. एकाच गावातून एकाच कारणाने दोन प्रकारची माणसं बाहेर पडतात. फरक आहे तो हातात कोयता आहे की मार्कशीट, इतकाच.

पण मार्कशीटवाल्यांतही सगळे परदेशी पोचत नाहीत, आणि कोण पोचतं हे ठरवणारी गोष्ट जरा अनपेक्षित आहे. अमेरिकेतल्या एम.एस.ला लागणारं मोठं कर्ज बँका तारणाशिवाय सहसा देत नाहीत. दहा-पंधरा एकरांचा शेतकरी म्हणतो, जमीन घ्या की तारण. बँक नको म्हणते, कारण बुडीत कर्जाची वसुली ज्या सरफेसी कायद्याने करायची तो शेतजमिनीला लागूच नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जमीन या कामाला कवडीमोल, आणि नांदेडला घेतलेला एनए प्लॉट मात्र सोन्याचा. म्हणून ज्यांच्या घरात एक नोकरी आहे, ज्यांचा शहरात प्लॉट किंवा फ्लॅट आहे, ज्यांना सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी मिळून ऊस-हळदीने हात दिला आहे, त्यांचीच मुलं पुढे सरकतात. कालव्याचं पाणी पोचलेल्या वसमतची आणि न पोचलेल्या सेनगावची वाट इथे वेगळी होते. उरलेल्यांना बिनतारणी कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्या आहेत, त्यांचं व्याज जास्त, आणि मुलाला तिकडे नोकरी लागेपर्यंत इथे बापाची झोप उडालेली. परदेशी जाणारा हा सर्वांत गरीब कधीच नसतो, हे जगभर दिसतं. हिंगोलीत त्याला सरफेसीचं कलमही जोडलेलं आहे.

पैशाशिवायची कारणं माणसं चारचौघांत सांगत नाहीत, म्हणून आढाव्यात ती गाळली जातात. माझ्या मते ती अधिक खरी आहेत. पहिलं म्हणजे मोकळेपणा. गावात माणूस आधी कुणाचा तरी असतो, अमक्याचा मुलगा, तमक्या जातीचा, ढमक्या गटाचा. दलित तरुणाच्या दृष्टीने गाव सोडणं ही कधीच नुसती पोटापाण्याची गोष्ट नव्हती. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. या दोन तारखांमधल्या प्रवासाने मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना शिकून बाहेर पडण्याची दिशा दिली. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले ते ज्या घरांनी भोगले, त्यांना ‘गाव का सोडलंत’ असं विचारण्याचा अधिकार कुणालाही नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, वर्षाला ७५ अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. अख्ख्या राज्याला ७५. तरी ज्या घरात ती मिळते तिथे ‘बुद्धी देशाबाहेर वाहून गेली’ असं रडगाणं कुणी गात नाही.

दुसरं कारण मुलींचं. शिकलेल्या मुलीला तिकडे स्वतःचं घर मिळतं, नोकरी मिळते, आणि सणावाराला, हळदीकुंकवाला, सासूच्या बहिणीच्या मानपानाला हजेरी लावावी लागत नाही. हे ती फोनवर आईला सांगते, व्यासपीठावरून कधीच सांगणार नाही. परत यायचा विषय निघाला की नवरा आईवडिलांसाठी हळवा होतो आणि बायको गप्प बसते. परतीचे पुष्कळ बेत त्या गप्प बसण्यातच मोडतात, आणि दोष मी तिला देणार नाही.

तिसरं कारण कामाचं समाधान. रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाला हिंगोली जिल्ह्यात काय करता येईल? कॉलेजात जागा निघाली तर प्राध्यापकी, नाहीतर तासिका तत्त्वावर राबणं, आणि जागा निघाली तरी ती कशी भरली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी नोकरीची आस धरून पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसलेल्यांत आपल्या भागातली मुलं भरपूर आहेत. ती मुलं देशातच आहेत म्हणून त्यांची बुद्धी देशाच्या कामी आली असं म्हणायचं का? मला तरी तिशीपर्यंत चालू घडामोडी पाठ करणारा इंजिनिअर आणि टेक्सासमध्ये बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा इंजिनिअर यांत पहिल्याचीच काळजी जास्त वाटते.

जरा बाहेर नजर टाकू. गेलेली माणसं परत आणण्यासाठी दक्षिण कोरियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. साठच्या दशकात तिथले शिकलेले लोक अमेरिकेला जात होते, खाणकामगार आणि परिचारिका जर्मनीला जात होत्या. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने १९६६ मध्ये सोलला ‘किस्ट’ ही विज्ञान-तंत्रज्ञान संस्था काढली, चोई ह्युंग-सप यांना तिचं प्रमुख केलं आणि परदेशातले कोरियन शास्त्रज्ञ परत आणले. त्यांना घरं दिली, विद्यापीठातल्या प्राध्यापकांपेक्षा चांगले पगार दिले, कामाचं स्वातंत्र्य दिलं. माणसं परत आली आणि देश श्रीमंत झाला. गोष्ट इथे संपवली की भाषणाला टाळ्या पडतात. पुढचा भाग असा की आजही शिकलेले कोरियन तरुण देश सोडायची भाषा करतात. लहानपणापासून परीक्षांची जीवघेणी स्पर्धा, कंपनीत वरिष्ठांपुढे लवून वागणं, रात्री उशिरापर्यंतचं काम, लग्नाच्या आणि घराच्या खर्चाचा धसका. स्वतःच्या देशाला ‘हेल जोसॉन’, म्हणजे नरकातलं राज्य, म्हणण्याची तिथल्या तरुणांत मध्यंतरी लाटच आली होती. चांग कांग-म्योंग यांच्या २०१५ च्या एका गाजलेल्या कादंबरीची नायिका चांगली नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला जाते, ती पगारासाठी नव्हे. तेव्हा दरडोई उत्पन्न वाढलं की पोरं घरी राहतील, हा हिशेब कोरियानेच खोटा ठरवला आहे. आणि एक गोष्ट आपल्या कामाची: शास्त्रज्ञ परतले ते सोलला. आज त्या देशाची निम्मी लोकसंख्या सोल आणि भोवतालच्या पट्ट्यात दाटली आहे आणि खेडी म्हातारी झाली आहेत. देशाने आपली माणसं परत मिळवली तरी जिल्ह्याला ती मिळतातच असं नाही.

आपल्याकडे तेच घडतं. डॅलसहून परतणारा हिंगोलीकर बाणेर-वाकडला परततो. परदेशात शिकून आलेला डॉक्टर दवाखाना टाकतो तो नांदेडला. कारणं सरळ आहेत, बायकोला काम, मुलांना शाळा, आजारी माणसाला रात्री-अपरात्री उपचार. आणि त्याला तरी एकट्याला का बोलावं? जिल्ह्यात नेमणूक झालेले शिकलेले लोकही जिल्ह्यात राहत नाहीत. अधिकारी, प्राध्यापक, शिक्षक, बँकेतले साहेब, कितीतरी जण नांदेड-परभणीहून ‘अप-डाऊन’ करतात. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव घ्या, असं शासनाने काढलेलं परिपत्रक आहे, आणि ठराव कसे होतात तेही गावाला माहीत आहे. ज्याचा गुरुजी पाचच्या गाडीने निघून जातो त्या मुलाला गाव सोडण्याचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

बाहेर जाऊन नाव काढण्याचा अभिमानही इथे मुरलेला आहे. याच जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, २०१५ मध्ये तिथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरलं. स्थलांतराचा विषय निघाला की वक्ते नामदेवांवर येतात. ही सोयीची सांगड आहे. नामदेवांना नरसीत काम मिळत नव्हतं म्हणून ते घुमानला गेले असं कुणी म्हणत नाही, मग आपल्या नाकर्तेपणाला त्यांचा आधार कशाला?

सध्या वारं फिरतं आहे. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग आधीच काही दशकांची आहे. ब्रिटनने २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई केली, कॅनडाने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर कमाल मर्यादा घातली. त्यामुळे घराघरांत जर्मनी, आयर्लंड ही नावं ऐकू येऊ लागली. आणि गंमत अशी की आपलं सरकारही या कामाला लागलं. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका, वाहनचालक, वायरमन अशी कामं आहेत. तरुणांनी देश सोडू नये असं म्हणणारे आणि त्यांना जर्मन शिकवून पाठवणारे एकाच मंत्रालयात बसतात. पाठवण्याला माझा विरोध नाही. फक्त मग ‘शिकलेली मुलं निघून जातात’ ही तक्रार बंद करावी.

आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, उलट्या दिशेचा एक प्रयोग चालू आहे. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा जगात ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली. त्यानंतर आठवडाभरातच केंद्राने या लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा २०३० पर्यंत उभी राहणं अपेक्षित आहे. तिच्यामागे उभ्या असलेल्या संस्थांत पुण्याची खगोलविज्ञान संस्था ‘आयुका’ आहे, जिथे संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लहरींवर अनेक वर्षं काम केलं. ती आयुका १९८८ मध्ये उभी केली जयंत नारळीकरांनी, आणि नारळीकर केंब्रिज सोडून १९७२ मध्ये भारतात परतले होते. एक माणूस परत आला, त्याला संस्था उभारायला मोकळीक मिळाली, आणि त्या संस्थेचा धागा पन्नास वर्षांनी औंढ्याच्या माळावर पोचला. परतलेल्या माणसाचं मोल मोजायचं तर ते असं मोजावं लागतं. एका पिढीत ते दिसत नाही.

प्रश्न एवढाच की या वेधशाळेत हिंगोलीची मुलं कोणत्या दाराने शिरणार. रखवालदार, स्वयंपाकी, चालक म्हणून तर घेतील, त्यासाठी वेगळं काही करायला नको. पण तिथे निर्वात नळ्या सांभाळणारे, बारीक वेल्डिंग करणारे, लेझर आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे, संगणक चालवणारे तंत्रज्ञही लागणार आहेत, आणि तेवढं शिकवायला हिंगोलीचं शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय पुरेसे ठरू शकतात, अभ्यासक्रम आणि शिक्षक दिले तर. वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालंच आहे. त्यातले अध्यापक गावात राहतील अशी घरं आणि शाळा करायला हव्यात, नाहीतर तेही संध्याकाळच्या गाडीने निघतील. अकरावी-बारावीचं विज्ञान नीट शिकवणारी निदान दोन कॉलेजं जिल्ह्यात उभी राहिली पाहिजेत, म्हणजे पंधराव्या वर्षीची पहिली गाडी तरी चुकवता येईल. परदेशात असलेल्या हिंगोलीकरांना माझी एक विनंती आहे. गावच्या कमानीला, मंदिराच्या कळसाला देणगी देता ते द्याच. पण आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या जुन्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित किंवा भौतिकशास्त्र शिकवायला बसा. या जूनमध्ये जी मुलं नववीत येतील ती २०३० च्या आसपास पदविका घेऊन बाहेर पडतील.